पिठातली बिअर

कादंबरीतले एखादे पात्र वगळले आणि कथेला धक्का बसला नाही, तर ते मुळात नकोच होते, असे मी वर्गात सांगत आलो आहे. हीच कसोटी पाककृतीला लावावी, असे गेल्या दिवाळीत सुचले. निमित्त झाले अंधेरीच्या भाचीने केलेला बिअरचा पाव.

छोट्या भट्ट्यांची ताजी बिअर आता उपनगरांत रुळली आहे. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या 'डूलाली'नेही पुढे अंधेरीत बस्तान मांडले. हे नाव म्हणजे आपल्या देवळालीचेच गोऱ्या शिपायांनी केलेले रूप! असो.

भाचीच्या कृतीत मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि बाटलीभर बिअर होती. पाव फुगला, श्रेय बिअरने घेतले. वस्तुतः काम बेकिंग पावडरचे. बिअरमध्ये यीस्ट जिवंत असले तरी पीठ फुगवायला त्याला कित्येक तास हवेत. इथे पीठ कालवले की लगेच ओव्हनमध्ये. सोडावॉटरनेही पाव फुगलाच असता. हरवली असती ती जवाची गोडसर चव. म्हणजे बिअर इथे चवीपुरती, आणि तसे सांगण्यात कमीपणा नाही. चॉकलेटच्या केकमध्ये काळ्या बिअरचा भाजका कडूपणा कोकोला उठाव देतो. मटणात मात्र कडवट बिअर आटवली, तर रस्सा कडूच होतो.

याउलट बोरिवलीपलीकडच्या गोराईतील ईस्ट इंडियनांच्या फुगिया पाहा. ताडाचा गोड रस काही तासांतच आपोआप आंबतो आणि त्या ताडीवर पीठ फुगते. गोव्याचा पोदेरही पूर्वी माडाच्या सुरेवरच पाव फुगवी. ताडी काढा, फुगिया बसल्याच! म्हणून तर ताडीऐवजी यीस्ट घालावे लागते. हे पात्र कथेला हवेच होते.

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. आमची अक्का जन्मात दारूला शिवलेली नाही. तिने दोन तुकडे आवडीने खाल्ले, आणि मग भाचीने कौतुकाने गुपित फोडले. "अगं मावशी, भाजताना सगळी उडून जाते!" ही समजूत चुकीची. अमेरिकेच्या शेती खात्याच्या कोष्टकाप्रमाणे पदार्थात मिसळलेल्या मद्यार्कापैकी सुमारे ४० टक्के पंधरा मिनिटांनी आणि २५ टक्के तासाभरानेही उरतो. एका तुकड्यात तो अगदी थोडा, हे खरे. पण अक्काचा प्रश्न मापाचा नव्हता. "आधी विचारलं असतंस तर?" एवढेच ती म्हणाली आणि बशी बाजूला सारली.

पाककृतीत बिअर कशासाठी आहे हे लिहिणाऱ्याने सांगावे. आहे एवढे तरी वाढणाऱ्याने आधी सांगावे. यंदा भाची दोन पाव करणार आहे. अक्काचा ताकातला. तोही फुगेल.