कोरून उरलेले अक्षर

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना 'फेबर अँड फेबर'चा एक कवितासंग्रह हाती आला. कवीचे नाव मला अपरिचित होते. तरी पुस्तक घेतले. घरी आल्यावर ध्यानात आले, की मी भुललो होतो तो वेष्टनावरील अक्षरांना. चित्र असे तेथे नव्हतेच. समीक्षकाने हे कबूल करावे की नाही, कोण जाणे. पण अक्षरांनाही शैली असते, आणि तीही पारखली पाहिजे, असे मला वाटते.

तो टाइप 'अल्बर्टस'. त्याचा कर्ता बर्थोल्ड वोल्पे (१९०५-१९८९) हा जर्मनीतील ओफेनबाखचा ज्यू कलावंत. ब्राँझवर काम करताना तो अक्षर खोदीत नसे. अक्षराभोवतीचा धातू कोरून काढी. मागे उरे ते अक्षर! ते काम पाहून स्टॅन्ली मॉरिसनने १९३२ साली 'मोनोटाइप'साठी त्याच्याकडे टाइप मागितला.

अल्बर्टसचे सारे वळण या कृतीतून आले आहे. रोमन अक्षरांच्या टोकांशी सहसा बारीक आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, असते. येथे ती निराळी जोडलेली नाही. रेघच टोकाकडे जाता जाता रुंदावते आणि धारदार कडेशी थांबते. अक्षरे ऐसपैस बसतात, पण सुस्त वाटत नाहीत. म्हणूनच दोन-चार शब्दांचे शीर्षक या टाइपात भारदस्त दिसते. पानभर मजकूर मात्र त्यात जुळवू नये. प्रत्येक शब्द शिलालेखाच्या आवाजात बोलू लागला, की वाचकाचा डोळा शिणतो.

वोल्पे १९३५ मध्ये इंग्लंडला आला. १९४० साली त्याच इंग्लंडने त्याला शत्रुराष्ट्राचा माणूस ठरवून ऑस्ट्रेलियातील छावणीत धाडले. १९४१ मध्ये तो परतला, फेबरमध्ये रुजू झाला आणि १९७५ पर्यंत त्याने दीड हजारांवर वेष्टने केली. त्यांतली कितीतरी हातानेच रेखली. आज 'सिटी ऑफ लंडन'मधील रस्त्यांची नावे अल्बर्टसमध्ये आहेत. ज्याला परका म्हणून दूर धाडले, त्याच्याच अक्षरांत ते जुने शहर आपला पत्ता सांगते. तरी हे दुःख अक्षरांत शोधू नये. अल्बर्टसची मोठी अक्षरे त्या छावणीपूर्वीच घडली होती. त्यांत दिसतो तो कारागिराचा हात.

आपल्याकडे मुखपृष्ठांवर देवनागरीच्या पायांना असाच फुगवटा दिलेला कधी कधी दिसतो, तेव्हा मी अस्वस्थ होतो. आपली जाड-बारीक रेघ तिरप्या कापलेल्या बोरूतून आली. आपले अक्षर शिरोरेषेला लोंबते, पायावर उभे राहत नाही. अल्बर्टसकडून घ्यायचा तो फुगवटा नव्हे. आपल्या हत्याराशी प्रामाणिक राहून नको ते काढून टाकावे, एवढेच घ्यावे. लेखनातही याहून निराळे काय असते?