पुडी, पुस्तक आणि हलगी

संगीतविषयक पुस्तकांचा आणि वादनसाहित्याचा परामर्श या पानांवर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. संगीत ही फावल्या वेळातील गोष्ट आहे आणि चळवळीला फावला वेळ नसतो, असा एक समज आपल्यातही रूढ आहे. मला तो मान्य नाही. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या वाजवायला लावले आणि वाजवतो म्हणूनच हलके ठरवले, त्या समाजाच्या दृष्टीने संगीताचा प्रश्न हा सामाजिक प्रश्नच आहे. वाद्य कोण बनवतो, ते कोण वाजवतो, त्याविषयीचे पुस्तक कोण लिहितो आणि प्रमाणपत्र कोणाच्या नावे निघते, या चार प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे चार निरनिराळ्या वस्त्यांत सापडतात.

निमित्त घडले ते असे. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेथील बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी युवक महोत्सवातील लोकवाद्यवृंदात हलगी वाजवतो. एकदा तासानंतर त्याने मला विचारले, "सर, तबल्याच्या परीक्षा असतात, पुस्तकं असतात. हलगीचं एखादं पुस्तक असेल तर सांगा ना." पुस्तक सुचवणे हा माझा व्यवसाय आहे, आणि मला उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी त्याला घेऊन मी मिरजेला गेलो.

मिरजच का? शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढे भागातून येणाऱ्या भोपळ्यांतून येथील तानपुरे आणि सतारी आकार घेतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कारागिरांच्या गल्लीचे नाव सरकारदरबारी नोंदले गेले. ही चांगली गोष्ट झाली. कष्टकऱ्यांच्या कलेला कागदावर स्थान मिळू शकते, याचा हा पुरावा आहे.

दुकानात आम्ही तासभर घालवला. एका फळीवर परीक्षार्थींची पुस्तके होती : प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. दुसऱ्या फळीवर इलेक्ट्रॉनिक तानपुरे आणि तालयंत्रे होती. आता तीच सोय मोबाईलवरच्या ॲपमध्ये मिळते; काळी दोन की पांढरी चार एवढे सांगितले की तंबोरा सुरू, झपताल म्हटले की झपताल सुरू. काचेच्या कपाटात हातोड्या, गठ्ठे, चुंबळी, वाद्या आणि तयार पुड्या. दाराबाहेर, उन्हात, खिळ्याला टांगलेल्या फायबरच्या हलग्या. त्या शेकाव्या लागत नाहीत, बोल्ट आवळले की झाले. आम्ही पाहिलेल्या एकाही पुस्तकात हलगीचा एक ठेका नव्हता आणि चाळलेल्या एकाही ॲपमध्ये हलगीचा आवाज नव्हता.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. संगीताच्या छापील पुस्तकाला मी उच्चवर्णीयांचे खेळणे म्हणून झिडकारणार नाही. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांत कुलपात ठेवलेल्या चिजा मिळवल्या, त्यांना स्वरलिपी दिली आणि सहा भागांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. विष्णू दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत वर्गात आणले. जी विद्या उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून होती ती वहीत उतरवता येऊ लागली. लिहिलेल्या विद्येचे मोल आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना कोणी समजावून सांगायला नको. माझी तक्रार वेगळी आहे. कुलूप उघडले ते एकाच खोलीचे. गावकुसाबाहेरच्या तालाला लिपीची गरजच नाही, असे गृहीत धरले गेले. तो ताल ‘लोक’ ठरला. म्हणजे त्याला कर्ता नाही, शास्त्र नाही, अभ्यास नाही, तो आपोआप उगवतो!

दुसरी तक्रार कातड्याविषयी आहे. "तबल्याच्या अंगांचे वर्णन करा" हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. विद्यार्थी पुडी, चाट, शाई, गजरा, वादी अशी नावे लिहितो आणि गुण मिळवतो. पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते, एवढेही काही पुस्तके सांगतात. पण ते कातडे कोणी सोलले, कोणी कमावले, लोखंडाच्या किसाची शाई थरावर थर देऊन कोणी घोटली, हे मी पाहिलेल्या परीक्षेच्या पुस्तकांत नाही. नाद पवित्र आणि नाद देणारे हात अपवित्र, ही फाळणी प्रश्नपत्रिकेतही टिकून आहे.

या मौनावर बोट ठेवणारे अलीकडचे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे टी. एम. कृष्णा यांचे ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ (2020). कर्नाटक संगीतातील हा नामवंत ब्राह्मण गायक मृदंग बनवणाऱ्यांच्या घरी जातो आणि त्यांची हकिकत लिहितो. हे कारागीर बहुतांशी दलित ख्रिस्ती. मृदंगाला गाय, म्हैस आणि शेळी या तिन्हींचे कातडे लागते. देवाच्या दारात वाजणारे हे वाद्य गाईच्या कातड्यावाचून सिद्ध होत नाही. पालघाट मणी अय्यर यांचे नाव रसिकांना पाठ आहे. त्यांचे मृदंग घडवणाऱ्या पारलांदूचे नाव किती जणांना ठाऊक होते? पुस्तकातील उतारा वर्तमानपत्रात आला आणि चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशन समारंभासाठी दिलेली जागा नाकारली. जे सत्य प्रत्येक मैफलीत मृदंगावर ताणलेले असते, ते छापल्यावर मात्र सोसवत नाही.

मी हे पुस्तक इंग्रजीतून वाचले आणि त्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. तरीही त्याची मर्यादा नोंदवली पाहिजे. त्यात कारागीर बोलतो, पण लेखणी गायकाच्या हाती आहे. कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणते उत्तर ठेवायचे, याचा निवाडा गायक करतो. दुसऱ्याने आपल्याविषयी सहानुभूतीने लिहिणे आणि आपण आपल्याविषयी लिहिणे यांतील अंतर दलित साहित्याने केव्हाच स्पष्ट केले आहे. ते संगीतविषयक लेखनालाही लागू आहे.

आणि कातड्याचा प्रश्न केवळ सन्मानाचा उरलेला नाही. 11 जुलै 2016 रोजी गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलितांना गोहत्येच्या संशयावरून मारहाण झाली. चौघांना उघडे करून, गाडीला बांधून फटके मारले गेले. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. वादकाच्या पिशवीतील वादीचा तुकडा कोणत्या भीतीतून बाजारात येतो, हे वादनसाहित्याचे गुणदोष सांगणाऱ्याने विसरून चालणार नाही. कृत्रिम पुडी निघाली आहे, फायबरची हलगी निघाली आहे. त्यांचा आवाज पातळ आहे अशी रसिकांची कुरकुर असते. मला त्या आवाजापेक्षा त्यामागची सुटका मोठी वाटते. मात्र कमावणाऱ्याच्या हाताला दुसरे काम मिळाले का, हे विचारल्याशिवाय त्या सुटकेचा जयजयकारही करवत नाही.

आता हलगीकडे येतो. माझे वडील, आबा, गावात हलगी वाजवत. जत्रा, कुस्तीचा फड, लग्नाची वरात, मयत, दवंडी. बोलावणे आले की जायचे. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक लांब काडी, आणि खेळापूर्वी पाचटाचा जाळ करून हलगी शेकायची. बोल ते आधी तोंडाने म्हणत, मग हाताने काढत. म्हणजे लिपी नव्हती, पण व्याकरण होते. मी सातवीत असताना त्यांनी एका वरातीला नकार दिला. त्या वर्षी गावात त्यांना कोणी कामाला बोलावले नाही. रोजगारासाठी शेजारच्या गावी जावे लागले. मी एकदा हलगीला हात लावला तेव्हा ते म्हणाले, "ह्ये हातात घ्यायचं न्हाय. पुस्तक घ्यायचं." मी पुस्तक घेतले. त्या पुस्तकामुळे मी आज हा लेख लिहितो आहे, आणि त्या पुस्तकात आबांचा एकही बोल नाही.

हा नकार आपल्या चळवळीचा वारसा आहे. महाडला मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले. गावकीची लाजिरवाणी कामे सोडणे हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होता. म्हणून ‘लोककला जतन करा’ असा उपदेश महोत्सवाच्या व्यासपीठावरून होतो तेव्हा मी सावध होतो. ढाल महाविद्यालयाच्या कपाटात जाते. आणि त्याच विद्यार्थ्याच्या चुलत्याला गावात आजही मयतीला बोलावणे येते. जतन कोणाचे करायचे, कलेचे की चाकरीचे?

पण नकार हे शेवटचे पाऊल नव्हे. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आशय पालटला. आणि भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ (1978) हे पुस्तक स्वतः लिहिले. जलसाकारानेच जलशाचा इतिहास सांगितला. तमिळनाडूत ज्या पराईच्या नावावरून एका जातीला ‘परैयर’ म्हणून हिणवले, तिला काहींनी नाकारले आणि काहींनी मुक्तीचे वाद्य म्हणून पुन्हा हाती घेतले. दिंडिगुलच्या सक्ती केंद्रात दलित मुली ती वाजवतात. गावकीच्या बोलावण्यावर नव्हे, स्वतःच्या मोर्चापुढे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. हलगी, संबळ आणि जलशाची ढोलकी यांचे बोल वाजवणाऱ्यांकडून लिहून घ्यावेत, नव्हे, त्यांनीच लिहावेत. त्या पुस्तकात ठेके असावेत, रिंगण, कातडे आणि शेकणे यांची कृती असावी, सुपारीचा दर असावा, आणि बोलावणे नाकारल्यावर काय सोसावे लागले तेही असावे. ध्वनिमुद्रणाला आज मोठा खर्च नाही. खिशातला मोबाईल पुरतो. महाविद्यालयांतील आमच्या पोरांनी सुटीत आपापल्या वस्तीत बसून हे काम केले तर एका वर्षात पहिली वही तयार होईल.

मिरजेहून परतल्यावर मी आबांना त्या विद्यार्थ्याविषयी सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाजवू दे. पर कुणी बलवलं म्हणून न्हाय. त्याला वाटल तवा." पुढच्या रविवारी तो मुलगा वही घेऊन आमच्या घरी येणार आहे. आबांनी होकार दिला आहे. हलगी मात्र त्यालाच आणावी लागेल, आमच्या घरात ती उरलेली नाही.