परक्या ओट्यावरचे लेखन

आमच्या सभेच्या एक ज्येष्ठ सभासद भगिनी २००८ पासून अनुदिनी लिहीत असत. ब्लॉगला मराठीत हा शब्द काही काळ रूढ होऊ पाहत होता. आम्हांस तो आवडतो, म्हणून आम्ही तोच वापरू. इंदुरातील जुन्या मराठी घरांची बोली, भांडीकुंडी, सणवार आणि भाऊबंदकीतील रुसवेफुगवे हे त्यांचे विषय. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी आपले पान उघडले, तो तेथे नियमभंगामुळे ते काढून टाकल्याची एक ओळ. कोणता नियम, कोणत्या लेखात मोडला, याचा उल्लेख नाही. दाद मागण्यासाठी त्यांनी तीनदा लिहिले. तिन्ही वेळा एकाच मजकुराचे यांत्रिक उत्तर आले.

आमची उभी हयात शासकीय सेवेत गेली. एखादे अतिक्रमण हटवावयाचे तरी सहसा आधी नोटीस बजावावी लागते, समोरच्याचे म्हणणे ऐकावे लागते, आदेशात कारण नमूद करावे लागते. येथे पंधरा वर्षांचे लेखन एका ओळीने गेले आणि अपिलाला अधिकारीच नाही. अर्थात जागा फुकट होती, मालकी दुसऱ्याची होती आणि अटींवर होकाराची खूण आपणच केलेली होती, हेही खरे.

सभेच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन सांत्वने पुढे आली. दोन्ही सद्भावनेची, पण वाङ्मयीन दृष्टीने दोन्ही आम्हांस कच्ची वाटली. पहिले अपेक्षितच होते : तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडूनही तरली, तशी आपलीही तरेल. पोथी पाण्यातून वर आली असे कथा सांगते; ती लोकांच्या मुखात होती म्हणून टिकली असे काहीजण म्हणतात. दुसरे मानले तरी अभंग हा मुखासाठीच घडलेला असतो. यमक आणि चाल त्याला धरून ठेवतात. गद्याला हा आधार नाही. आमच्या भगिनींचे लेख शेकडो लोकांनी वाचले असतील, पण त्यांतले सलग एक वाक्यही कोणास पाठ नव्हते. असण्याचे कारणही नव्हते.

दुसरे सांत्वन इंग्रजी शिकलेल्यांचे. टॉमस कार्लाइलने ‘फ्रेंच राज्यक्रांती’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित जॉन स्टुअर्ट मिल यांस वाचावयास दिले आणि १८३५ च्या मार्चमध्ये ते नोकराणीच्या हातून रद्दी समजून जळाले. कार्लाइलने तो खंड पुन्हा लिहिला आणि १८३७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा तुम्हीही पुन्हा लिहा! ही हकीकत जिद्दीची खरीच. परंतु जळालेला खंड कसा होता, दुसरा त्याहून सरस की निरस, हे ठरवावयास पहिली प्रतच जगात नाही. पुनर्लेखन यशस्वी झाले असे आपण म्हणतो ते तुलनेवाचूनच.

आमच्या बाबतीत मात्र तुलनेची सोय योगायोगाने झाली. भगिनींनी हा उपदेश मनावर घेऊन चार महिन्यांत आठवतील ते लेख पुन्हा लिहून काढले. त्यानंतर ग्वाल्हेरच्या एका वाचकांकडून टपालाने एक पाकीट आले. त्यांना पडद्यावर वाचण्याचा कंटाळा, म्हणून ते आवडते लेख छापून फायलीत लावीत. त्यांत झोपाळ्यावरचा लेख होता. मूळ लेखात असे आहे : “माजघरातल्या झोपाळ्याची एक कडी झिजली होती. पुढे जाताना ती कुरकुरे, मागे येताना नाही. आजोबा बसले की मात्र दोन्हीकडे कुरकुरे. त्यामुळे कोण बसले आहे ते आजीला चुलीपाशी कळे.” पुनर्लिखित लेखात त्याच जागी हे आहे : “आमच्या वाड्यातील तो झोपाळा म्हणजे जणू घराच्या सुखदुःखाचा मूक साक्षीदारच होता. त्याच्या संथ झोक्यांत एका लोपलेल्या संस्कृतीचे हृदय धडधडत असे.”

कडी गेली आणि संस्कृती आली. आवाज करणारा झोपाळा मूक झाला, हे तर लेखिकेच्याही ध्यानात आले नाही. दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाही. कडी त्यांना आजही आठवते, आम्ही विचारले. पण मूळ लेख एका दुपारी एक गोष्ट आठवली म्हणून लिहिलेला होता, आणि दुसरा हरवलेल्या लेखाची भरपाई म्हणून. भरपाई करणारा माणूस वस्तूपेक्षा तिचे मोल सांगू लागतो. जुन्या घरांविषयी आपल्या मंडळींच्या लेखनात हा सूर फार ऐकू येतो आणि या लेखिका त्याला अपवाद होत्या, म्हणून आम्हांस विशेष वाईट वाटले.

पुनर्लेखनात आणखी एक गोष्ट गेली. अनुदिनीतील लेख हा एकट्याचा नसतो. खाली वाचकांचे अभिप्राय येतात आणि ते त्याचाच भाग होतात. ‘ओटा’ की ‘ओटला’ यावरचा त्यांचा लेख मूळात दहा-बारा ओळींचाच. पण देवासच्या एका गृहस्थांनी ओटला हा माळव्याचा शब्द असून घरात आपण तोच बोलतो असे लिहिले, बडोद्याहून कोणी गुजरातीतही ओटलोच म्हणतात अशी भर घातली, आणि पुढल्या आठवड्यात लेखिकेने आपले मत बदलल्याचे तारखेनिशी नोंदविले. नव्या लेखात हे बदललेले मत पहिल्या वाक्यापासूनच त्यांचे आहे. वाद गेला, तारीख गेली, देवास आणि बडोदेही गेले.

अमेरिकन कादंबरीकार डेनिस कूपर यांचे प्रकरण येथे अधिक उपयोगी आहे. ते पॅरिसला राहतात. त्यांच्या लेखनाचे विषय आमच्या पिढीस मानवणारे नाहीत. आमचा त्यांच्याशी संबंध एवढ्या घटनेपुरताच. २०१६ च्या जूनअखेरीस गूगलने त्यांची चौदा वर्षांची अनुदिनी आणि टपालखाते बंद केले. हलत्या चित्रांची केलेली एक नवी कादंबरीही त्यांत अडकली. वृत्तपत्रांतून गाजावाजा झाला, वकील मध्ये पडले आणि ऑगस्टअखेर मजकूर परत मिळाला. दहा वर्षांपूर्वीच्या पानावरील एका चित्राविषयीची तक्रार एवढेच कारण निघाले. आम्हांस मोलाचे वाटते ते पुढचे. त्यांनी स्वतःच्या नावाची जागा घेऊन लेखन चालू केले आणि जुनी पाने सुधारून न लिहिता एकेक करून पुन्हा लावली. आमच्या भगिनींजवळ वकील नव्हता, वृत्तपत्रेही नव्हती. पण ही रीत पैशावाचूनही साधण्याजोगी होती.

मग शोध सुरू झाला. १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये जालावरील जुनी पाने पाहता येतात. तेथे सत्तरएक लेख मिळाले, पैकी काहींचे अभिप्रायही. नवा लेख टपालाने मागविणाऱ्या वाचकांच्या पेटीतून आणखी निघाले. अगदी सुरुवातीचे लेख लेखिकेच्याच जुन्या संगणकावर होते; पण ते शुशा टंकात. तो टंक नसलेल्या यंत्रावर ती मराठी निरर्थक रोमन अक्षरे होऊन उमटते. प्रत होती, पण वाचता येत नव्हती. सभेतील एका तरुणाने ते युनिकोडमध्ये उतरवून दिले. सुमारे तीनशे लेखांपैकी आजवर एकशे नव्वद हाती आले आहेत.

आता पुस्तकाचा विचार चालू आहे आणि मतभेद तेथेच आहे. आमचे म्हणणे असे की, मिळालेले लेख तारखा व अभिप्रायांसह जसेच्या तसे छापावे, न मिळालेल्यांची केवळ शीर्षके त्यांच्या क्रमाने द्यावी, आणि पुनर्लिखित एकही घेऊ नये. लेखिका म्हणतात, कोऱ्या शीर्षकांचे पुस्तक नातवंडांच्या हाती काय म्हणून द्यावे? झोपाळ्याचा दुसरा लेख त्यांना पहिल्याहून शुद्ध वाटतो, आणि शुद्ध तो आहेच. गेल्या आठवड्यात ग्वाल्हेरहून दुसरे पाकीट आले. त्यांत झोपाळ्याच्या लेखाचे पुढचे पान होते : त्यांच्या चुलतबहिणीने लिहिले आहे की, कडी एक नव्हे, दोन झिजल्या होत्या, दुसरी आजोबांनी बदलून घेतली. ते पान आम्ही लेखिकेकडे पाठविले आहे.