‘मामा’ म्हणजे नक्की कोण?

‘मातृ’ आणि ‘मदर’ यांचे साम्य दाखवले की आपल्याकडे या विषयावरची चर्चा बहुधा संपते. ते साम्य एकाच भाषाकुळातले आहे, हे खरे. पण तमिळ ‘अम्मा’, अरबी ‘उम्म’ आणि चिनी ‘मामा’ त्या कुळातले नाहीत. मग त्यांची आई आपल्या ‘माय’सारखी का ऐकू येते?

रोमान याकबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे उत्तर दिले. अंगावर पिणाऱ्या बाळाला तोंड न उघडता फक्त नाकातून हुंकार काढता येतो. तो हुंकार पुढे दुधाची आणि मग दूध देणारीची हाक होतो. त्यांच्यासमोर मर्डॉक यांनी जगभरातून जमवलेले १०७२ शब्द होते. त्यांत आईच्या ५५ टक्के शब्दांत अनुनासिक व्यंजन आढळले, बापाच्या अवघ्या १५ टक्के शब्दांत.

उपपत्ती देखणी आहे, पण मला ती अर्धीच पटते. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. तेलुगूत बापाला ‘नान्ना’ म्हणतात. मराठी घरात मूल ‘मामा’ म्हणाले, तर आईचा भाऊ खूश होतो! हुंकारातच आई असती, तर हे घडले नसते. ध्वनी मुलाचा असतो. अर्थ मात्र ऐकणारी मोठी माणसे लावतात.

आपली ‘आई’ तर निव्वळ दोन स्वरांची. तिच्यात ओठ मिटत नाहीत की नाकातून हुंकार येत नाही. उलट बाबा, दादा, नाना, काका, मामा ही बोबड्या बोलांतली जोडअक्षरे आपण पुरुषांना वाटून टाकली. त्यातही एकत्र कुटुंबात कित्येक मुले आईला ‘वहिनी’ किंवा ‘काकू’ आणि वडिलांना ‘अण्णा’, ‘भाऊ’ म्हणत मोठी झाली, कारण घरातले इतर लोक त्यांना तशीच हाक मारत. शब्द मोजणाऱ्या तक्त्यात अशा घरांना जागा कुठे?

म्हणून साम्य दिसताच जगातल्या सगळ्या आया संस्कृतातून निघाल्या असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच सारे श्रेय बाळाच्या ओठांना देणेही. याकबसन यांनी पाळण्याकडे नीट कान दिला. पाळणा हलवणाऱ्या घराकडेही तसाच कान द्यायला हवा.