माध्यमाची शिस्त आणि ‘कोरा कॅनव्हास’

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे ‘कोरा कॅनव्हास’ १९९० साली प्रसिद्ध झाले. चित्रकाराने आपल्या चित्रांना जोडलेली टीप म्हणून ते वाचणे या गद्यावर अन्याय करणारे आहे.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण १९५९ मध्ये संपवून बरवे पुढे विणकर सेवा केंद्रात दाखल झाले. नोकरीच्या निमित्ताने बनारसला असताना त्यांना तांत्रिक प्रतीकांचा परिचय झाला, हे नेहमी सांगितले जाते. मागाचा संस्कार मात्र अधिक विचारात घ्यायला हवा. विणकामात नक्षी मागाहून चढवली जात नाही. ती कापडाबरोबरच घडते. पुढे त्यांनी कॅनव्हाससाठी इनॅमल रंग स्वीकारला. दारेखिडक्यांना लावायचा हा चकचकीत रंग आपसूक पसरतो, सपाट होतो, कुंचल्याचा फटकारा लपवतो. चित्रकाराच्या आवेशाची खूण पुसणारे हे द्रव्य त्यांनी जाणूनबुजून पत्करले, आणि घड्याळ, पान, फळ अशा परिचित वस्तू सुट्या सुट्या, जणू प्रथमच दिसाव्यात तशा, अवकाशात मांडल्या.

त्यांची भाषाही आवेश टाळते. वस्तू, आकार, अवकाश या संज्ञा ती व्याख्या करून लादत नाही. पाहण्याच्या क्रियेतून त्या उकलत नेते. क्वचित चिंतन अमूर्ताकडे फार झुकते आणि वाक्ये एकाच जागी घोटाळतात, हेही खरे. कलाकृतीचे घटक कोणत्या तत्त्वाने बांधले जातात, या प्रश्नाकडे मर्ढेकर साहित्याच्या वाटेने आले. येथे तो रंग वाळण्याची वाट पाहणाऱ्या माणसाने हाताळला आहे.