वाढपी ओळखीचा असला म्हणजे

वाढपी ओळखीचा असला म्हणजे पंगतीत शेवटच्या पाटावर बसले तरी चिंता नसते, असे आपल्याकडे म्हणतात. श्रीमती डॉना ब्राझील यांचे ‘हॅक्स’ हे इंग्रजी पुस्तक वाचताना याचा आम्हाला वारंवार प्रत्यय आला. पुस्तक नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा अमेरिकेत त्यावरून मोठे वादळ उठले. ते वादळ शमले, पण पुस्तकातला प्रश्न शमलेला नाही. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना पक्षाच्या पुढाऱ्यांनी एकाला झुकते माप दिले काय? २०२८ साली तेथे पुन्हा अध्यक्षीय निवडणूक आहे आणि आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक आहेत. म्हणून या पुस्तकाचा परामर्श घेणे आम्हाला उचित वाटते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांतून प्राथमिक निवडणुका होतात. इस्रायलात मजूर पक्षाने १९९२ साली अशीच रीत अवलंबिली आणि सभासदांच्या मतांनी राबिन यांनी पेरेस यांना मागे टाकले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. २०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षात मुख्य सामना होता श्रीमती हिलरी क्लिंटन आणि सिनेटर बर्नी सँडर्स यांच्यात. पंचाचे काम पक्षाच्या राष्ट्रीय समितीकडे होते. समितीच्या अध्यक्षाने सर्व उमेदवारांशी निःपक्षपातीपणे वागावे, असे पक्षाच्या घटनेतच लिहिले आहे. रशियन हेरांनी चोरलेली समितीची सुमारे वीस हजार पत्रे २२ जुलै २०१६ रोजी विकिलीक्सने उघड केली. अध्यक्षा डेबी वासरमन शुल्ट्झ यांनी दोनच दिवसांनी राजीनामा जाहीर केला, आणि हंगामी अध्यक्षपद ब्राझीलबाईंकडे आले. या बाई काही नवख्या नव्हेत. २००० साली अल गोर यांच्या प्रचाराची सूत्रे त्यांनीच सांभाळली होती.

पुस्तकाचा गाभा आहे तो हिशेबाच्या वह्यांचा. ओबामा यांच्या २०१२ च्या निवडणुकीनंतर पक्षावर २ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज राहिले होते. त्यातले दीड कोटी बँकेचे आणि ८० लाखांहून अधिक व्यापाऱ्यांचे. उरलेल्या कर्जापैकी बराचसा भार २०१६ साली हिलरीबाईंच्या प्रचारमंडळाने आणि त्यांच्या संयुक्त निधीने उचलला. अर्थात फुकट नव्हे. ऑगस्ट २०१५ मध्येच, म्हणजे पहिले मत पडण्याच्या पाच महिने आधी, एक करार झाला होता. समितीचा प्रसिद्धीप्रमुख कोण असावा, माहिती-तंत्र, संशोधन यांसाठी कोणाला नेमावे, यांत हिलरीबाईंच्या मंडळाचा शब्द चालावा असे त्यात ठरले होते. प्रचारमंडळाला एका व्यक्तीकडून थेट २,७०० डॉलरच घेता येत. संयुक्त निधीला मात्र तीच व्यक्ती ३,५३,४०० डॉलर देऊ शकत होती. त्यांपैकी ३,२०,००० डॉलर ३२ राज्यांतील शाखांच्या नावावर आणि ३३,४०० डॉलर राष्ट्रीय समितीच्या. हे सारे समजल्यावर, सँडर्स यांना दूरध्वनी करण्यापूर्वी आपण घरात मेणबत्ती लावून भक्तिगीते ऐकत बसलो, असे बाई सांगतात. हा भाग त्यांनी मनापासून लिहिला आहे.

पुस्तक येताच दुसरी बाजूही पुढे आली. कराराची प्रत वृत्तपत्रांच्या हाती लागली. हा करार मुख्य निवडणुकीच्या तयारीसाठी आहे, समितीच्या निःपक्षपातीपणाला त्याने बाध येऊ नये, असे त्यातच नमूद केलेले होते. संयुक्त निधीचा करार सँडर्स यांच्याशीही झाला होता. तो त्यांनी फारसा वापरला नाही. खुद्द ब्राझीलबाईंनीही दूरदर्शनवरील मुलाखतीत सांगितले की निवडणूक आधीच ठरवून टाकल्याचा पुरावा आपल्याला सापडला नाही. सामान्य वाचकाने मग धरावे काय नि सोडावे काय?

आमचे मत असे की दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडत आहेत. एक म्हणतो मते चोरली, दुसरा म्हणतो एकही मत चोरले नाही. पक्षपात मतपेटीत शिरावाच लागत नाही. आम्ही आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. वॉर्डात ओळखीच्या रोग्याला कुणी वेगळे औषध देत नाही, औषध सर्वांना तेच. पण त्याची घंटा आधी ऐकू येते, त्याची चादर आधी बदलते, डॉक्टरांच्या कानावर त्याची तक्रार आधी जाते. शेजारच्या खाटेवरचा रोगी हे निमूटपणे पाहत असतो. तो खडखडीत बरा होऊन घरी गेला तरी त्या वॉर्डावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो.

२०१६ साली घंटा कोणाची आधी ऐकू आली ते पाहा. २००८ च्या वेळी उमेदवारांचे वीसहून अधिक जाहीर वादविवाद झाले होते. या वेळी समितीने आरंभी सहाच ठरवले, आणि परवानगीवाचून दुसरीकडे वाद केल्यास पुढे भाग घेता येणार नाही अशी अटही घातली. पहिल्या चारांपैकी तीन शनिवारी-रविवारी रात्री झाले, जेव्हा लोक दूरदर्शनसमोर कमी असतात. लोकांच्या ओळखीचे नाव हिलरीबाईंचे होते, ओळख करून देण्याची गरज सँडर्स यांना होती. पुढे ओरड झाल्यावर वादांची संख्या नऊवर गेली. शिवाय सातशेच्या वर पुढारी व पदाधिकारी असे होते की ज्यांना लोकांचा कौल बंधनकारक नव्हता. एकही मत पडण्यापूर्वी त्यांच्यातले साडेतीनशेहून अधिक जण हिलरीबाईंकडे गेले होते. पंचच मैदानात एका संघाची टोपी घालून उतरला तर दुसऱ्या संघाने काय समजावे?

उघड झालेल्या पत्रांतील एक पत्र आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. ५ मे २०१६ रोजी समितीच्या वित्त अधिकाऱ्याने सहकाऱ्यांना लिहिले की केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियात कोणीतरी ‘त्यांच्या’ देवावरील श्रद्धेचा प्रश्न काढावा. ते ज्यू म्हणवतात, पण नास्तिक असावेत, आणि दक्षिणेकडील बाप्टिस्ट लोक ज्यू आणि नास्तिक यांत मोठा फरक करतात. पत्रात नाव नव्हते, पण रोख सँडर्स यांच्याकडेच होता, हे सर्वांना कळले. सँडर्स आपल्याच धर्माचे. तरुणपणी, १९६३ साली, ते शाअर हाअमाकिम किबुत्झवर राहून गेलेले. १९६२ साली विवाहनोंदणीच्या वेळी आपल्या जमातीच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम निघाला आणि १९६४ साली क्नेसेतने आपल्याला सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता देईपर्यंत आपल्या वडीलधाऱ्यांनी काय सोसले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अशा पत्राचा अर्थ समजावून सांगायला नको. ज्याने सर्वांना सारखे वागवायचे, तोच एखाद्याचा धर्म तपासण्याच्या गोष्टी करू लागला, की न्याय संपला. समितीने नंतर माफी मागितली, तो अधिकारीही गेला. ते योग्यच झाले.

तथापि दुसरी बाजू झाकून ठेवणे म्हणजे आपणही पंक्तिप्रपंच करणे होय. हिलरीबाईंना सुमारे १ कोटी ६९ लाख मते पडली, सँडर्स यांना १ कोटी ३२ लाख. एवढे अंतर केवळ वादविवादांच्या वेळापत्रकाने पडते असे आम्हाला वाटत नाही. सँडर्स हे वर्षानुवर्षे अपक्ष म्हणून निवडून आलेले. पक्षात हयात घालवलेल्यांना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला नाही, हे समजण्यासारखे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्या माणसांनी हिलरीबाईंची मतदारांविषयीची माहिती उघडून पाहिली, ही आगळीकच होती. समितीने त्यांना मतदार-याद्या काही काळ बंद केल्या, त्यामागे निदान कारण तरी होते.

पुस्तकाचा मोठा दोष वेगळा आहे. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या लेखिकेची स्वतःची वही तितकी स्वच्छ नाही. मार्च २०१६ मध्ये समितीच्या उपाध्यक्षा असताना, आणि सीएनएन वाहिनीवर भाष्यकार म्हणून काम करीत असताना, त्यांनी कार्यक्रमांत यायचे प्रश्न हिलरीबाईंच्या मंडळाला आगाऊ कळवले. ही चूक आपल्याला कायम सलत राहील, असे त्यांनी पुढे ‘टाईम’ साप्ताहिकात कबूल केले. परंतु करारावर त्या ज्या त्वेषाने लिहितात तो त्वेष येथे दिसत नाही. तसेच सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरीबाई न्यूमोनियाने अडखळल्या तेव्हा त्यांच्या जागी बायडेन यांना आणण्याचा विचार आपल्या मनात आला होता, हे त्या सहज सांगून जातात. लोकांनी निवडलेला उमेदवार बदलण्याची कल्पना पंचाला सुचावी, यातच सारे आले.

न्यायालयातही या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. सँडर्स यांच्या देणगीदारांनी फ्लोरिडात दावा केला. पक्षाचा उमेदवार पुढारी बंद खोलीत बसूनही ठरवू शकतात, निःपक्षपातीपणाचे वचन कायद्याने बांधणारे नाही, असा युक्तिवाद पक्षाच्या वकिलाने केला. ऑगस्ट २०१७ मध्ये, दावेदारांना असा दावा चालवण्याचा अधिकारच पोहोचत नाही, या मुद्द्यावर तो निकालात निघाला. म्हणजे घटनेतला तो नियम पाळायचा तो केवळ अब्रूखातर. ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षाने एक सुधारणा मात्र केली. चुरशीच्या निवडीत त्या पुढाऱ्यांना पहिल्या फेरीत मत देता येऊ नये असे ठरले.

एवढे वाचून आम्हाला पटले ते इतकेच, की पंच लबाड असतो म्हणून बिघडतो असे नाही, पंच कर्जबाजारी असतो म्हणून बिघडतो. ज्याचे खावे त्याच्यापुढे मिंधे व्हावे लागते, मग घटनेत काही का लिहिलेले असेना. त्यासाठी वॉशिंग्टनला जायला नको. आपल्या सिनेगॉगच्या कमिटीची निवडणूक जवळ आली की हॉलच्या रंगाचा खर्च कोणी केला, आणि मतमोजणीस कोण बसणार, हे दोन प्रश्न सभासदांनी एकदमच विचारावेत. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. करारावरची प्रकरणे सावकाश वाचावीत, आणि लेखिका स्वतःविषयी बोलू लागली की चष्मा पुसून घ्यावा.