गुळाने फुफ्फुसं ‘साफ’ होतात? तो पेपर नीट वाचूया

‘रोज गुळाचा खडा खा, फुफ्फुसातली धूळ निघून जाते’ हा मेसेज तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. खाली ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ असंही ठोकून दिलेलं असतं. गंमत म्हणजे, यामागे खरंच एक पेपर आहे. लखनौच्या इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च सेंटरमधल्या साहू आणि सक्सेना यांचा, १९९४ साली ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्हज’मध्ये आलेला. म्हणून त्याला हसण्याऐवजी तो वाचूया.

सुरुवात चांगल्या निरीक्षणातून होते. धुळीत, धुरात काम करणारे कामगार गूळ खाल्ला की त्रास होत नाही असं सांगत. मग संशोधकांनी उंदरांच्या श्वासनलिकेतून ५० मिलिग्रॅम कोळशाची धूळ आत सोडली आणि ९० दिवस, आठवड्यातून ५ दिवस, प्रत्येकी अर्धा ग्रॅम गूळ दिला. सिलिकाच्या धुळीवर असाच ३० दिवसांचा प्रयोग केला. गूळ मिळालेल्या उंदरांच्या फुफ्फुसात इजा कमी दिसली. कामगारांचा अनुभव प्रयोगशाळेत तपासावासा वाटणं, हे या पेपरचं मोठेपण मी मान्य करते.

आता अडचणी बघा.

पहिली, ‘साफ’ या शब्दाची. कोळशाचे कण गेले कुठे? फुफ्फुसातून श्वासनलिकेजवळच्या लसिकाग्रंथींमध्ये. म्हणजे कचरा हॉलमधून माळ्यावर गेला, घराबाहेर पडला नाही! सिलिका तर त्या ग्रंथींमध्येही साचून इजा करते.

दुसरी, धूळ देण्याच्या पद्धतीची. उंदराला ती एकदम दिली. दगडखाणीतला माणूस ती वर्षानुवर्षं, रोज थोडी थोडी ओढतो. हे दोन आजार सारखे वागतीलच असं गृहीत धरता येत नाही.

तिसरी, माणसांची. कामगारांचं म्हणणं होतं ‘बरं वाटतं’. फुफ्फुसाला इजा होत नाही, हा वेगळा दावा झाला. तो तपासायचा तर एका गटाला गूळ, दुसऱ्याला तितकीच साखर देऊन काही वर्षं श्वासाची क्षमता मोजावी लागेल. उंदरांवरचा पेपर ते काम करू शकत नाही.

डोसवर मात्र मी अडणार नाही. उंदीर २०० ग्रॅमचा धरून नेहमीचं रूपांतर केलं, तर ६० किलोच्या माणसाला साधारण २४ ग्रॅम गूळ होतो. सहज खाण्याजोगा.

‘मग खाल्ला तर बिघडलं काय?’ असं तुम्ही म्हणाल. घरी खा की, तिळासोबत खा, भाकरीसोबत खा. (मधुमेह असेल तर जपून.) प्रश्न क्रशरवर येतो. सिलिकोसिस बरा होत नाही, त्यात टीबीचा धोकाही वाढतो. कायद्याने तो नोंद करणं बंधनकारक असलेला आजार आहे. त्यावर उपाय म्हणजे पाणी मारून दगड फोडणं, धूळ शोषणारी यंत्रणा आणि योग्य मास्क. या सगळ्याला पैसे लागतात. गुळाची ढेप स्वस्त पडते. कामगाराच्या हातावर खडा ठेवून ‘काळजी घेतली’ म्हणणाऱ्या मालकाला हा पेपर आयता आधार वाटतो.

पुढच्या वेळी तो मेसेज आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: धूळ निघून जाते म्हणजे नक्की कुठे जाते?